मानाचं घड्याळ

श्रीरामपूर,
ता. ३ मार्च १९७४, रविवार

चि. शमुवेल यास आईचा सलाम.

तू विचारायच्या आधीच लिहिते, मी चालते आहे. नुसती चालत नाही, आज काठी दाराआड ठेवून उपासनेला गेले. पाळकसाहेब वचन वाचत होते, ते मला पाहून ओळच चुकले. मागच्या बाकावरची सगळी बायामाणसं वळून बघायला लागली. मी कुणाकडे न बघता पुढच्या बाकावर जाऊन बसले. चाळीस वर्षं मास्तरीणपणा केला तो काही फुकट गेला नाही.

उपासना संपल्यावर बायकांनी वेढाच घातला. एकीनं तर खुब्याला बोट लावून पाहिलं आणि विचारलं, "बाई, आतून वाजतं का हो?" मी म्हटलं, वाजायला ती काय दानपेटी आहे? शेजारची बनुबाई घरी वाट बघत होती. ती म्हणाली, "लेकानं आईला पार लोखंडाची करून टाकली की." मी तिला सांगितलं, लोखंड नव्हे. कोबाल्ट आणि क्रोमियम म्हणतात त्याला, विलायतेहून येतं, गोळा त्याचा आणि गोळा ज्यात फिरतो ती वाटीही त्याचीच, आणि ते गंजत नाही. तू ज्या तोऱ्यात मला सांगितलंस त्याच तोऱ्यात सांगितलं. इस्पितळात डॉक्टरांनी नमुन्याचा गोळा दाखवला तेव्हा तू तो अंगठ्यानं चाचपून म्हणाला होतास, "आई, असं पॉलिश आमच्या कारखान्यातसुद्धा निघत नाही." तुझा चेहरा मला अजून दिसतो. लहानपणी पतंग जमला की असाच व्हायचा.

शमुवेल, एक गोष्ट लिहून टाकते, तोंडावर बोलता आली नाही. तुझ्या लग्नानंतर सहा वर्षं नाताळच्या कार्डापलीकडे तुझं अक्षर मी पाहिलं नव्हतं. मी नळाच्या ओट्यावर घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि तारेच्या पाठोपाठ तू दारात उभा. मला उचलून टॅक्सीत घातलंस, मुंबई गाठलीस, ऑपरेशन करून हा गोळा बसवून घेतलास, आणि पुढे खडकीला तुझ्या घरी ठेवून घेतलंस. मोडलं ते हाड, पण जोडलं गेलं ते भलतंच काही. हा गोळा माझ्या अंगात आहे तोवर माझा लेक माझ्याजवळ आहे, असं मी धरून चालते.

तुझ्याकडून ठरल्याआधी निघाले याचा राग धरू नकोस. तुमच्या घरी सुकट काय, अंडी काय, सगळं गरम खाणं. मांडीला खाज सुटली ती त्याचीच. मी ते तोंडावर बोलले. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, पोटात एक आणि ओठात एक मला येत नाही. इकडचं साधं खाणं सुरू झालं की बरं वाटेल.

तुझ्या घरी सलाम सांग.

तुझी आई,
एलिझाबेथ

—

श्रीरामपूर,
ता. १६ एप्रिल १९७४

चि. शमुवेल,

तुझं पत्र मिळालं. तुझ्या घरी सुकट शिजणं बंद झालं असं लिहिलंस. मी काय बंद करा म्हणाले होते? मला बाधतं एवढंच म्हणाले. माणसानं बोललेलं माणसानं ऐकावं, त्याला फोडणी देऊ नये. सुवार्ताला सांग, तिनं तिच्या घरात हवं ते शिजवावं. आणि तिनं माझी सेवा मन लावून केली, हेही सांग. केली ती केली.

माझं बरं आहे. खाज किंचित आहे. पथ्य चालू आहे. प्रथम सुकट-अंडी सोडली. मग बनुबाईनं सांगितलं, वांगं वाईट. वांगं सोडलं. मग पाळकबाई म्हणाल्या, शेंगदाणा उष्ण. आता नगर जिल्ह्यात शेंगदाणा सोडायचा म्हणजे भाजीत घालायचं काय? तोही सोडला. गूळ सोडला, चिंच सोडली, कैऱ्या दारासमोर लोंबतात त्यांच्याकडे पाठ करून बसते. एक वैद्य येतो बाजारच्या दिवशी, त्यानं कडुनिंबाचा काढा दिला. तोंड असं कडू झालं की स्तोत्र म्हणायला जीभ वळेना. बनुबाई म्हणते, "बाई, आता निस्तं वारं खाऊन ऱ्हावा, तेवढंच सोडायचं ऱ्हायलंय."

ईस्टरला पुनरुत्थानाच्या पहाटेच्या उपासनेला या वर्षी गेले नाही. फार गर्दी असते. घरीच वचन वाचलं.

काठी हल्ली हातात ठेवते. कुत्री फार झाली आहेत गावात.

तुझ्या कारखान्यात पुसायला मऊ सुती चिंध्या मिळतात ना, त्यातल्या थोड्या धुवून पाठव. वीज सारखी जाते, कंदिलाच्या काचा पुसायला लागतात.

मुंबईच्या डॉक्टरांना दाखवून ये असं लिहितोस. कशाला? गोळा उत्तम आहे. गोळ्याला काही झालेलं नाही. तू निवडलेली वस्तू आहे, तिला काय होणार?

सुवार्ताला सलाम.

आई

—

श्रीरामपूर,
ता. १० मे १९७४

शमुवेल,

तुझ्या लग्नात तुझ्या सासऱ्यांनी मला विहिणीचा मान म्हणून जे मनगटी घड्याळ दिलं होतं, ते अजून असेल तर पाठव. आगगाड्या बंद आहेत, तेव्हा एस. टी. च्या कुणा माणसाजवळ दे.

कारण विचारू नकोस. सांगता येण्यासारखं झालं की सांगेन.

आई

—

श्रीरामपूर,
ता. २८ मे १९७४

चि. सौ. सुवार्ता हिस अनेक आशीर्वाद.

तुला मी पहिल्यांदाच पत्र लिहिते आहे, तेव्हा अक्षर जरा नीट काढते. घड्याळ पोचलं. तुझ्या नवऱ्याचं कार्ड त्याच्या आधी पोचलं होतं. "सहा वर्षांनी मान आठवला का?" एवढंच लिहिलं होतं त्यानं. वाचून माझा असा तिळपापड झाला की दिवसभर कुणाशी धड बोलले नाही. बनुबाई दोनदा दारातून परत गेली. आणि दुसऱ्या दिवशी तुझं पुडकं आलं. आत घड्याळ, त्याच मऊ चिंध्यांत गुंडाळलेलं, आणि वर तुझी चिठ्ठी: "आई, ह्यांना सांगितलेलं नाही. घड्याळ माझ्या पेटीत होतं, चालू आहे, मी अधूनमधून किल्ली देत होते. चिंध्या कंदिलासाठी नव्हत्या ना?"

पोरी, मी चिठ्ठी धरून बसून राहिले. पोटच्या पोराला जे कळलं नाही ते तुला चिंध्यांवरून कळलं. नव्हत्या गं कंदिलासाठी. मांडीपासून पोटापर्यंत अंग फुटलं आहे, लस गळते, लुगडं चिकटतं. रडू मला सहसा येत नाही, पण लुगडं सोडवताना येतं. खुबाही आता ठणकतो. चार पावलं टाकली की आत कुणीतरी खिळा ठोकतं. कुत्र्यांचं मी खोटंच लिहिलं होतं. आमच्या गल्लीत एकच कुत्रं आहे आणि ते म्हातारं आहे.

आता सगळं सांगते. बनुबाई मला धरून नगरला घेऊन गेली, कातडीच्या डॉक्टरकडे. बघते तर खुर्चीत गहिनीनाथ. माझ्या चौथीच्या वर्गात होता, सतराच्या पाढ्याला हमखास अडायचा आणि तोंडभर शाई फासून घ्यायचा. मला बघून उठून उभा राहिला. मी म्हटलं, बस रे, आता तू डॉक्टर आणि मी रोगी. त्यानं सगळं अंग तपासलं, काय खाता, काय लावता, विचारलं. मी पथ्याची यादी सांगितली तर हसला मेला. मग त्याची नजर माझ्या खांद्यावर गेली. पदराच्या पिनेला मी दोरा गुंडाळून घेते, ते त्यानं पाहिलं.

"बाई, पिनेला दोरा कशाला?"

"नुसती लावली की चरचरतं."

"कधीपासून?"

मी म्हटलं, जन्मापासून म्हण. सोन्याच्या फुल्या तेवढ्या कानाला चालतात, बाकी काही नाही. तो खुर्ची ओढून जवळ बसला. म्हणाला, काही लोकांचं अंग ठरावीक धातू ओळखतं आणि सोसत नाही. पिनेवर, खोट्या दागिन्यावर जे निकेल असतं ते, आणि त्याच्या जोडीला पुष्कळदा कोबाल्टही. बाहेरून लागलं तर कातडीवर उठतं. आणि तुमच्या खुब्यात तर तो धातू आतच बसवलेला आहे. चालताना गोळा वाटीवर घासतो, त्याचा बारीक अंश अंगात उतरत असणार. मी म्हटलं, माझा मुलगा सांगतो तो धातू गंजत नाही. गहिनीनाथ म्हणाला, "बरोबर सांगतो. धातूला काही होत नाही, बाई. तुम्हाला होतंय."

तरी तो म्हणाला, छातीठोक कुणीच सांगू शकत नाही, विलायतेत आत्ता कुठे डॉक्टर लोक यावर लिहायला लागले आहेत. आधी पाठीवर चाचणी घेऊ. आणि विचारलं, पूर्वी कधी कुठल्या वस्तूनं असं झालं होतं का, ती वस्तू मिळेल का. तेव्हा मी हे घड्याळ मागवलं.

आता लग्नातलं. तू त्या दिवशी बोहल्यावर होतीस, तुला जे दिसलं ते मला माहीत आहे. तुझी आई नसल्यामुळे तुझ्या वडिलांनी घड्याळ पाळकबाईंच्या हातात दिलं आणि त्यांनी ते माझ्या मनगटाला बांधलं. चकचकीत पट्ट्याचं. "बाई शाळेत जातात, त्यांना वेळ बघायला," असं तुझे वडील म्हणाले. मला ते इतकं आवडलं होतं सुवार्ता, की मी हात उगीचच टेबलावर ठेवून बसले होते. पण एप्रिलचं ऊन, घामाच्या धारा. पंगत बसली, तुझे वडील स्वतः भात वाढत आले, आणि तोवर मनगट निखारा धरल्यासारखं पेटलं होतं. मी पट्टा सोडला आणि घड्याळ पत्रावळीशेजारी ठेवलं. तुझे वडील भाताचं पातेलं घेऊन तिथेच थांबले. सगळी पंगत थांबली. शमुवेल येऊन म्हणाला, "आई, हे काय?" आणि माझ्या तोंडून निघालं, "मला ते अंगावर नको."

तेवढंच बोलले. पुढचं बोलले नाही, ते का ते ऐक. आम्ही मुली मिशनच्या बोर्डिंगात होतो तेव्हा कुणाच्या अंगावर पुरळ दिसलं की खरूज म्हणून तिची चटई वेगळी, ताटली वेगळी. माझ्या बिल्ल्याच्या पिनेनं मला पुरळ यायचं आणि मी वर्षातले निम्मे दिवस त्या वेगळ्या चटईवर काढले. कुणी जवळ बसायचं नाही. भर पंगतीत मी बाही वर करून मनगट दाखवलं असतं, तर लोक म्हणाले असते, मुलाच्या आईला खरूज आहे. तुझं लग्न एका तासाचं झालेलं. तुझ्याकडची माणसं काय म्हणाली असती? मी तोंड मिटून घेतलं, घड्याळ तिथेच ठेवलं आणि बाही खाली ओढून घरी आले. नंतर शमुवेल भांडला तेव्हा मलाही राग आला. माझ्या पोरानं मला एवढीच ओळखावी? मग ओळख, म्हटलं. तो राग सहा वर्षं पुरला.

तुझ्या सुकटीवर मी जो आळ घेतला तो मात्र अगदी खोटा होता. आता उगीच पथ्य कशाला, म्हणून परवा बनुबाईकडची वाटीभर मागून खाल्ली. चांगली होती, तुझ्याइतकी नाही.

शमुवेलला यातलं काही सांगू नकोस. गोळा म्हणजे त्याचा जीव आहे. चाचणीत काही निघालं नाही तर त्याला कळायचंही कारण नाही. आणि निघालं, तर मीच सांगेन. एकच धसका आहे, तोही तुला सांगते. गोळा काढला तर मी लंगडी होईन याचं काही नाही. त्यानं दिलेलं मी पुन्हा एकदा काढून ठेवलं, असं त्याला वाटलं तर मी काय करू?

तुझी सासू,
एलिझाबेथ

—

श्रीरामपूर,
ता. ११ जून १९७४

चि. शमुवेल,

हे पत्र बसून वाच, आणि शेवटपर्यंत वाच. मधेच कपाळावर आठी घालून कामावर जाऊ नकोस.

तुझ्या बायकोनं मला घड्याळ पाठवलं. तिला रागावलास तर माझ्याशी गाठ आहे. नगरच्या कातडीच्या डॉक्टरनं, आपल्या गहिनीनाथानं, माझ्या पाठीवर चार ठिकाणी पट्ट्या चिकटवल्या. एकीत घड्याळाच्या पट्ट्याची कडी. एकीत निकेलचं औषध, एकीत कोबाल्टचं. चौथीत नुसतं पाणी, माझं अंग उगीच कांगावा करतं का ते बघायला. दोन दिवस पाठीला पाणी लावायचं नाही, खाजवायचं नाही. बनुबाई राखणीला बसली होती, माझा हात मागे गेला की ती चापट मारायची.

काल पट्ट्या काढल्या. पाण्याची जागा कोरी. बाकी तिन्ही जागा लाल, टरारून वर आलेल्या, कडीची तर कडीच्याच आकाराची. मला स्वतःची पाठ दिसत नाही, बनुबाईनं मागे पुढे आरसे धरून दाखवली. मी किती वेळ बघत होते. साठी उलटल्यावर पहिल्यांदा कुणीतरी मला लिहून दिलं की ती खरूज नव्हती.

घड्याळ मी का काढलं ते आता तुला पाठीवर वाचता येईल. मला ते आवडलं नव्हतं म्हणून नाही, तुझी बायको आवडली नव्हती म्हणून नाही. पुढचं सगळं सुवार्ताला माहीत आहे, ती सांगेल. मी पुन्हा पुन्हा लिहिणार नाही.

आता गोळ्याचं. तो माझ्या अंगाला मानवत नाही, शमुवेल. मी फार लपवलं तुझ्यापासून. अंगभर पुरळ आहे, मी धड झोपत नाही. काठी कुत्र्यांसाठी नाही. नगरला फोटो काढला, गोळा धरला आहे तिथलं हाड विरायला लागलं आहे आणि गोळा हलतो. गहिनीनाथानं मुंबईच्या डॉक्टरांना लिहिलं होतं. त्यांचं म्हणणं, कारण धातू असो वा दुसरं काही, सांधा सैल झाला आहे, तो काढावाच लागेल. दुसरा बसवायचा तर तोही अशाच धातूचा, तेव्हा नकोच. नुसता काढून टाकला तरी माणूस काठीनं चालतं, पाय आखूड राहतो एवढंच.

मी गहिनीनाथाला विचारलं, तसाच राहू दिला तर? मला खरंच वाटत होतं, सोसावं. तू तुझ्या अंगठ्यानं चाचपून पसंत केलेली वस्तू. ती अंगात असताना तू दर रविवारी पत्र लिहिलंस. काढल्यावर लिहिशील का, हा हिशेब माझ्या डोक्यात चाललेला होता. म्हातारपणी माणूस असले मूर्ख विचार करतं.

पाठीवरच्या खुणा आठवड्याभरात मावळतील असं गहिनीनाथ म्हणतो. मावळायच्या आत ये आणि डोळ्यांनी बघ. तू धातूचा माणूस आहेस, माझ्या शब्दापेक्षा तुला तेच पटेल. आणि मग तूच सांग, काढू की ठेवू. तू ठेव म्हणालास तर मी ठेवीन, आणि पुन्हा तोंडातून ब्र काढणार नाही.

सुवार्तालाही आण.

आई

—

श्रीरामपूर,
ता. २९ डिसेंबर १९७४

माझ्या सुवार्ता,

तू मला इथे सोडून परत गेलीस आणि घर एकदम मोठं झालं. दुपारी चहा टाकताना दोन कप काढले, मग एक परत ठेवला.

पाय बरा आहे. दोन बोटं आखूड तो आखूडच, पण शमुवेलनं कारखाना सुटल्यावर बसून लाकूड आणि रबराचा जो तळवा केला, तो चपलेला असा बसला आहे की नवख्या माणसाला कळतही नाही. काठी आहे. ठणका नाही. आणि अंग, सुवार्ता, अंग कसं थंड आहे म्हणून सांगू. खपल्यांचे डाग तेवढे राहिले. परवा मी उगीचच दंडावरून हात फिरवत बसले होते, बनुबाई म्हणाली, "बाई, आता सोताच्याच अंगाच्या पिरतीत पडल्या का काय?"

तुला एक सांगायचं राहिलं. ऑपरेशननंतर मला शुद्ध आली तेव्हा तू औषध आणायला खाली गेली होतीस. शमुवेल पलंगाजवळ बसला होता. डॉक्टरांकडून त्यानं गोळा मागून घेतला होता, रुमालात धरून होता. इतका मोठा माणूस, लहान मुलासारखा रडत म्हणाला, "आई, याच्यापेक्षा चांगला मला मिळाला नसता गं." मी म्हटलं, बाळा, चांगलाच होता. माझ्या अंगाचा नव्हता. मग तो हसला आणि मला म्हणाला, तू तेव्हा पंगतीत एवढं वाक्य बोलली असतीस तर? त्याचं खरं आहे. पण जूनमध्ये इथे येऊन माझी पाठ बघितल्यावर त्यानं बाहेर ओट्यावर जाऊन तोंड धुतलं होतं, ते मी बनुबाईकडून ऐकलं आहे, तेव्हा आमची फिटंफाट झाली.

आता मुख्य गोष्ट. तुला न सांगता मी काल तुझ्या वडिलांकडे जाऊन आले.

रागावू नकोस. तू म्हणाली होतीस, पप्पांना मी पत्रानं कळवते, तुम्ही या पायानं जाऊ नका. पण मान पत्रानं परत करता येत नाही. सकाळच्या नेवाशाच्या गाडीत बसले. कंडक्टरनं हात धरून चढवलं, मीच शिकवलेला निघाला. तालुका भरला आहे माझ्या विद्यार्थ्यांनी, चोरी करायची सोय नाही. तू शिवून दिलेली कापडी पिशवी गळ्यात होती, आत घड्याळ, वर फक्त काच दिसेल एवढी चौकट. धातू कुठेच अंगाला लागत नाही. तू टाके असे बारीक घातलेस की गाडीतल्या एका बाईनं हा कुठला नवा दागिना म्हणून विचारलं.

तुझे वडील ओसरीवर होते. मला ओळखलं आणि उठताना त्यांची पुस्तकं खाली पडली. खुर्ची पुढे केली, पाणी आणलं, पण वर बघेनात. सहा वर्षांपूर्वी त्या पातेल्याशी जसे उभे होते तसेच उभे. मी म्हटलं, बसा, मला बोलायचं आहे, आणि उभ्या माणसाला सांगण्यासारखं नाही ते.

मग सांगितलं. पिनेपासून सांगितलं. बोर्डिंगातली चटई, पंगत, मनगट, गोळा, पाठीवरच्या खुणा. मी शेवटी म्हटलं, अब्राहामराव, लोक म्हणतील विहिणीला खरूज आहे, या भयानं मी तुमचा मान ताटाशेजारी ठेवला. तुम्हाला वाटलं असेल आमचं देणं हलकं पडलं. तसं नव्हतं.

त्यांनी मान वर केली. म्हणाले, "बाई, मी तीस वर्सं मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर हुतो. निम्म्या तालुक्याच्या खरजंला ह्या हातानं मलम लावलंय. मला सांगायला काय झालं हुतं?"

खरंच, काय झालं होतं? सगळ्या पंगतीत एक माणूस असा होता की ज्यानं माझा हात धरून, बाही वर करून, न बिचकता औषध लावलं असतं. तोच भात वाढत माझ्यासमोर उभा होता. मी पदरानं डोळे पुसले. त्यांनीही चष्मा काढून पुसला.

समोरच्या भिंतीवर त्यांचं मोठं घड्याळ होतं, टोले देणारं, त्यांना तिथूनच सरळ दिसत होतं. तरी त्यांनी माझ्या गळ्याकडे बघितलं आणि विचारलं,

"बाई, किती वाजलं?"

मी पिशवी हातात धरून काच पुसली, बघितलं आणि सांगितलं, "साडेअकरा."

"मग जेवूनच जावा," ते म्हणाले.

त्यांनी चुलीवरचा भात उतरवला, आणि कुणाला हात लावू न देता स्वतः वाढला. मी पोटभर जेवले, सुवार्ता. घड्याळ गळ्यातच होतं.

तुझी आई,
एलिझाबेथ